पाठमोऱ्या फुलाची विल्हेवाट

खाली सही करणारी मी, कापड छपाईच्या कारखान्यात नक्षी काढण्यात जिचे आयुष्य गेले अशी सत्तरी ओलांडलेली विधवा बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या फुप्फुसांनी साथ सोडली आहे. डोके मात्र जागेवर आहे. खात्री करून घ्यायची म्हणून वकिलांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या शर्टावरच्या पट्ट्या खिशापाशी कशा चुकल्या आहेत तेही दाखवले. त्यावर त्यांनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. सूनबाईने तर परोपरीने विनवले की हे लिहूच नका. तिचे मी ऐकलेले नाही, हाही माझ्या शुद्धीचा पुरावा समजावा.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात निम्मे मुलीला आणि निम्मे मुलाला होते. मुलगी गेली. मुलाचे काय झाले ते पुढे येईलच. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्दबातल करते.

कलम १. माझी माणसे कोण, हे आधी लिहिते, म्हणजे पुढे वाद नको.

माझे पती तांब्याच्या रोळांवर नक्षी कोरत असत. मी कागदावर काढलेले फूल ते तांब्यात उतरवायचे, मग तो रोळ रंगात फिरायचा आणि कापडावर फूल उमटायचे. आमचे लग्नही त्यातूनच जमले. एका पाकळीची कड मी जरा जाड काढली होती. ते कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "ही चूक आहे की हौस?" मी म्हटले, "हौस." ते म्हणाले, "मग कोरतो." मुले शाळेत असतानाच ते हृदयविकाराने गेले. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. फक्त लवकर गेले एवढीच आहे.

मुलगी थोरली. जन्मली तेव्हा इतकीशी होती की त्यांनी तिला तळहातावर घेतले आणि म्हणाले, "हे फूल कसलं, ही तर बुट्टी." कापडावर सुटी सुटी विखुरलेली लहान नक्षी असते, तिला आमच्या धंद्यात बुट्टी म्हणतात. तेच नाव चिकटले. शाळेत त्याचा जाच व्हायचा. एक दिवस घरी राहिली की दुसऱ्या दिवशी बाई हजेरी घेताना विचारायच्या, "काय, काल बुट्टीने बुट्टी मारली का?" सगळा वर्ग खिदळायचा. ती घरी येऊन रडायची नाही. कमरेवर हात ठेवून बाईंची नक्कल करायची आणि आम्हाला हसवायची.

मुलगा धाकटा. बोलका, हुशार, कोणालाही आपलेसे करणारा. घरात काही सांडले तर सांडणाऱ्याच्या आधी याच्याजवळ कारण तयार असायचे. तेव्हा आम्हाला त्याचे कौतुक वाटे.

सूनबाई, म्हणजे धाकट्याची बायको. ती कमी बोलते. तिला मूलबाळ नाही, आणि त्यावरून तिला टोचून बोलणारे जे कोणी आमच्या नात्यात आहेत त्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही.

कलम २. माझ्या सगळ्या नक्ष्यांत लोकांना ठाऊक असलेली एकच आहे, ती म्हणजे पाठमोरे फूल. तिच्या हक्काचा निकाल कलम सहामध्ये दिला आहे. ती कशी झाली ते इथे लिहून ठेवते, कारण कारखान्याने छापलेल्या पुस्तिकेत ती "आमच्या कलाविभागाची निर्मिती" असल्याचे म्हटले आहे. कलाविभाग म्हणजे एक खिडकी, एक टेबल आणि मी.

खरे फूल जसेच्या तसे कापडावर चालत नाही. खऱ्या फुलाला एकच जागा असते. कापडावरच्या फुलाला वर, खाली, दोन्ही अंगांना स्वतःचीच भावंडे असतात आणि त्या सगळ्यांशी जुळवून राहावे लागते. म्हणून आधी त्याचा पसारा कमी करायचा. शिरा काढायच्या, सावल्या काढायच्या, पाकळ्या सारख्या करायच्या, देठाला एकच वळण ठेवायचे. कमी करता करता एक वेळ अशी येते की आणखी काही काढले तर ते फूलच उरणार नाही. तिथे हात थांबवायचा. हे थांबणे मला जमत असे. रंगातले मात्र मला बेताचेच कळायचे. रंग बुट्टीला कळायचा. दोन पिवळ्यांतला आंबट कोणता हे ती डोळे किलकिले करून सांगायची.

शाळा संपवून ती माझ्याच हाताखाली लागली होती. कारखान्याच्या मागच्या भिंतीला, सांडपाण्याच्या पाइपाजवळ एक रानटी रोप उगवायचे. पाच पाकळ्यांचे बारीक फूल, कोणी ढुंकूनही बघणार नाही असे. एका दुपारी तिने त्याची डहाळी आणून माझ्या टेबलावर ठेवली. मी फूल सरळ धरून काढायला लागले. ती मागे उभी राहून बघत होती.

"आई, कापडावरची सगळी फुलं आपल्याकडे तोंड करून का गं उभी असतात? शाळेच्या फोटोसारखी?"

"मग काय पाठ करून उभी राहतील?"

"राहतात की. बाहेर जाऊन बघ. निम्म्यांनी तुझ्याकडे पाठ केलेली असते."

मी बाहेर जाऊन पाहिले. खरेच होते. मागून फूल निराळेच दिसते. देठ मधोमध येतो, हिरवी वाटी दिसते, पाकळ्यांच्या फक्त कडा दिसतात. आम्ही दोघींनी मिळून नक्षी बसवली. दोन फुले समोर पाहणारी आणि तिसरे पाठमोरे, आणि जोड असा की एक चौकट कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळू नये. मालकांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "बाई, हे फूल रुसलंय का?" असे म्हणाले आणि हसत हसत मंजूर केले. पुढे त्या फुलावर कारखान्याची नवी इमारत उभी राहिली. पडदे, चादरी, मेजपोस, मुलींचे झगे, सगळीकडे ते गेले.

त्याला जो लाल हवा होता तो मिळेना. रंगमास्तर कालवून दाखवायचे आणि बुट्टी मान हलवायची. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मग तूच ये रंगखोलीत आणि तूच काढ." ती गेली, आणि तिने तो लाल काढला. त्यानंतर त्यांनी तिला परत पाठवलेच नाही.

कलम ३. माझ्या कपाटात खालच्या खणात गुलाबी डाग पडलेला एक उशीचा अभ्रा आहे. शेजारच्या शिंपीणताईंनी तो अनेकदा धुऊन देते म्हटले, मी दिला नाही. तो रंगमास्तरांना द्यावा. टपालाने पाठवू नये. माझ्या वकिलांनी स्वतः जाऊन त्यांच्या हातात द्यावा, आणि ते "हे काय?" असे म्हणाले तर पुढचा मजकूर वाचून दाखवावा.

रंगखोलीत तिघी जणी होत्या. बुट्टी, एक चष्मेवाली आणि एक उंच मुलगी, तिला सगळे लांबडी म्हणत. लाल रंगाची भुकटी पिंपांतून यायची. पहिल्या पिंपांवर चिठ्ठी असायची. नंतरच्या पिंपांवरची चिठ्ठी चुन्याने पुसलेली असायची. भुकटी हलकी होती, झाकण उघडले की खोलीभर उठायची. मुली तोंडाला फडके बांधून हाताने घोटायच्या. रंगमास्तर दारातून सांगायचे, आत यायचे नाहीत. त्यांची स्वतःची भाची कामाला लागली, ती घडी खात्यात. मी तेव्हा त्यांना विचारले होते, "तिला रंगखोलीत का नाही घेतलं?" ते म्हणाले, "तिला रंगातलं कळत नाही."

घरी आल्यावर बुट्टी साबणाने कितीही घासून अंघोळ करो, सकाळी उशी गुलाबी झालेली असायची. तिच्या घामातून रंग यायचा. ती म्हणायची, "बघ आई, मी आतूनसुद्धा छापून निघाले." आम्ही हसायचो. लघवीही लालसर व्हायची. तिघींचीही व्हायची. त्या आपसात म्हणत, रंगच असेल. मीही म्हणाले, रंगच असेल. कारखान्याच्या दवाखान्यातल्या बाई तर न तपासताच म्हणाल्या, "रंगखोलीतल्या ना? मग रंगच."

त्यात रक्त कधी मिसळायला लागले ते त्यामुळे कोणालाच कळले नाही.

चष्मेवाली पहिली गेली. तिचा नवरा पोस्टमन आहे. मग लांबडी. तिला आई तेवढी होती, अंडी विकणारी. शेवटी माझी. तिघींनाही मूत्राशयाचा एकच आजार. मोठ्या इस्पितळात तिच्या खाटेभोवती पडदा होता, आणि त्या पडद्यावर आमचे फूल होते. मी नर्सला म्हटले, "बाई, एवढा पडदा बदलता येईल का?" ती म्हणाली, "सगळ्या वॉर्डला हेच पडदे आहेत हो. का, काय झालं याला?" बुट्टीच म्हणाली, "राहू दे गं आई. छान धुतलाय." मग मला जवळ बोलावले. "जोड बघ. कापड वाचवायला यांनी कड कापली आहे. दोन पाठमोरी फुलं शेजारी शेजारी आली आहेत, दिसतंय?" मला दिसत होते. पुढचे दिवस आम्ही तो पडदा बघत काढले. वेदना वाढली की ती फुलांवर बोट ठेवत पुढे पुढे जायची. एका पहाटे बोट थांबले.

रंगमास्तर अंत्यविधीला आले होते, हमसून हमसून रडले. ते रडणे खोटे नव्हते. म्हणूनच त्यांना हा अभ्रा देत आहे. ज्याला काहीच वाटले नसते त्याला मी तो दिला नसता.

कलम ४. मागच्या खोलीतल्या रंगाच्या बाटल्या, कुंचले, काचेचे टेबल आणि कागद. हे ज्याला हवे असेल त्याने न्यावे. सगळे रंग डॉक्टरांनी पाहिलेले आहेत आणि त्यात काहीही विषारी नाही. हे वाक्य मृत्युपत्रात का लिहावे लागते, ते सांगते.

तिघी गेल्यावर पोस्टमन, लांबडीची आई आणि मी अशा तिघांनी मिळून तक्रार केली. चौकशीला एक अधिकारी आले. कारखान्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये टेबले बाजूला सारून बसले. सगळे खाते भिंतीला टेकून उभे होते. मी पुसलेल्या चिठ्ठ्यांचे सांगितले, भुकटीचे सांगितले, उशीचे सांगितले. रंगमास्तरांना विचारले, ते म्हणाले, "आठवत नाही साहेब." मग अधिकाऱ्यांनी माझ्या मुलाला पुढे बोलावले. तो तेव्हा विक्री खात्यात होता. मला वाटले, तो मोठा बोलका, आता नीट मांडेल. मी त्याला बसायला माझी खुर्चीसुद्धा पुढे केली.

तो उभाच राहिला. म्हणाला, "साहेब, आमच्या घरी मागच्या खोलीत आई रंग कालवते. लहानपणापासून."

"मग?"

"ताई त्याच खोलीत झोपायची. तिथेच वाढली ती. कुंचला तोंडात धरायची सवय होती तिला."

"म्हणजे हा आजार घरच्या रंगांमुळे झाला, असं तुमचं म्हणणं आहे?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डोक्यावरून, खिडकीकडे बघत होता. "कारखान्यात येण्याआधीपासूनच तिची तब्येत नाजूक होती, साहेब. आईला बोल लावायचा नाही. तिला तरी काय ठाऊक असणार?"

मला बोल लावायचा नाही असे म्हणत त्याने सगळ्या खात्यासमोर मला माझ्या मुलीची मारेकरीण केले. बाकीच्या दोघींच्या घरी काही रंग नव्हते, पण त्या सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे चहाला यायच्या. अधिकाऱ्यांना तेवढे पुरले. तक्रार निकालात निघाली. पोस्टमन जाताना माझ्यापाशी थांबला, काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडले आणि तसाच गेला. मी त्याच दिवशी कारखाना सोडला.

संध्याकाळी मुलगा जेवायला घरी आला. हात धुतले, पाटावर नेहमीच्या जागी बसला. मी वाढले. का वाढले ते मला आजही सांगता येणार नाही. हाताला सवय होती.

"आई, माझी नोकरी गेली असती गं."

मी त्याच्या ताटात आमटी वाढली.

"मालकांनी सांगितलं होतं तसं बोललो. गेलेली माणसं परत येतात का? आपल्याला जगायचं आहे ना?"

"जेव," एवढेच मी म्हणाले. तो जेवला. पोटभर जेवला.

तेव्हापासून मी मागच्या खोलीत जाऊन एकेक बाटली उघडून हुंगायची. मनाला सांगायची की हे साधे रंग, पोरेसोरे वापरतात ते. पण तिने कुंचला तोंडात धरलेला मीही पाहिला होता, ओरडलेही होते. शंका अशी असते की तिला दार लावून घेता येत नाही. सुट्टीच्या दिवशी शेजारची मुले माझ्याकडे चित्रे काढायला यायची, ती येईनाशी झाली. एका मुलीची आई, मी तिच्या मुलीला दिलेली रंगपेटी परत द्यायला आली, पेटी रुमालात धरून. म्हणाली, "गैरसमज करून घेऊ नका हं काकू." शेवटी सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि इस्पितळात बुट्टीच्या डॉक्टरांपुढे नेऊन ठेवल्या. त्यांनी एकेक वाचली, काही तपासायला पाठवल्या, पुन्हा बोलावले.

"बाई, हे शाळेतले रंग आहेत. यांनी काही होत नाही."

"पुन्हा सांगा."

"यांनी काही होत नाही. कारखान्यातल्या भुकटीविषयी मी शपथेवर बोलू शकत नाही, ती मला कोणी दाखवलीच नाही. पण तुमच्यामुळे झालेलं नाही."

मी त्यांना तिसऱ्यांदा सांगायला लावले. ते चिडले नाहीत. त्यांनी बाहेरच्या लोकांना थांबायला सांगितले आणि माझ्याजवळ बसून राहिले. या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावले आहे.

कलम ५. राहते घर, वरच्या दोन खोल्या, मागची खोली, अंगणातला नळ आणि त्यावरचे छप्पर, हे सगळे माझे स्वकष्टार्जित आहे. ते सूनबाईला, तिच्या एकटीच्या नावे, विकण्याच्या आणि गहाण ठेवण्याच्या हक्कासह देत आहे. मुलाने किंवा अन्य कोणी त्यास हरकत घेतल्यास ती चालू नये.

चौकशीनंतर मुलाला बढती मिळाली आणि कारखान्याच्या आवारात बंगलेवजा क्वार्टर मिळाले. सामान न्यायला गाडी आली तेव्हा सूनबाई जिन्यात तांदूळ निवडत बसली होती. उठली नाही.

"चल ना," हा म्हणाला. "गाडी थांबली आहे."

"तुम्ही जा. मी नाही येत."

"का?"

"आईंना औषध कोण देणार?"

"बाई ठेवू कामाला."

"ठेवा. आणि तिच्याबरोबर राहा क्वार्टरात."

गाडीवाला हसला. मुलगा लालबुंद झाला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी काय एवढं केलं गं? सगळ्यांनीच तेच केलं असतं." ती म्हणाली, "मग सगळ्यांबरोबरच संसार करा." तिच्या तोंडून इतकी वाक्ये मी त्याआधी एकावेळी ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती लांबडीच्या आईकडे जाऊन बसली, काही न बोलता. तेव्हापासून अंडी तिच्याकडूनच आणते, वाट वाकडी करून. मला तिने कधी धीराचे शब्द दिले नाहीत. तिने माझी उशी उन्हात घातली, पाठ चोळली, रात्री खोकला आला की उठून बसली. घर तिचे आहे. तिला पुन्हा लग्न करावेसे वाटले तर माझा आशीर्वाद आहे. घर तरीही तिचेच राहील.

कलम ६. पाठमोऱ्या फुलाची मूळ रेखाटने, प्रत्येक रंगाचे वेगळे काढलेले कागद, बुट्टीने लावलेल्या रंगांचे नमुने आणि ती नक्षी पुन्हा छापू देण्याचा किंवा न देण्याचा संपूर्ण हक्क. कारखान्याने माझ्याकडून छपाईपुरता कागद नेला होता, हक्क लिहून घेतलेला नाही. वकिलांनी हे तपासले आहे. त्या काळी नक्षी काढणाऱ्या बाईकडून काही लिहून घ्यावे इतकी आमची किंमतच कोणाला वाटत नव्हती, म्हणून हे शक्य झाले.

गेल्या पावसाळ्याआधी छोटे मालक आले, म्हणजे मालकांचे चिरंजीव. जुने रोळ कधीच वितळवून टाकलेले. आता जुन्या नक्ष्यांना मागणी आली आहे म्हणाले. मला "मावशी" म्हणाले. त्यांच्या वडिलांनी मला जन्मभर "बाई" म्हटले, ते बरे होते.

"मावशी, तुमचं फूल पुन्हा आणायचंय. या वेळी कडेला नाव छापू. तुमच्या मुलीचं. तिची आठवण राहील."

"कुठला लाल वापरणार?"

"तोच. अगदी हुबेहूब. तंत्र बदललं आहे आता, सगळं सुरक्षित असतं."

"तिचं नाव काय होतं?"

ते गडबडले. बरोबर आलेल्या माणसाकडे पाहिले. त्यालाही ठाऊक नव्हते. मी म्हटले, "चहा घ्या, गार होतोय." त्यांनी घेतला आणि गेले. नंतर दोनदा फळांची करंडी आली, ती आम्ही परत पाठवली.

हे सगळे हक्क आणि कागद मी पोस्टमन, म्हणजे चष्मेवालीचा नवरा, आणि लांबडीची आई या दोघांना समाईक, सारख्या हक्काने देत आहे. दोघांची संमती असल्याशिवाय त्या फुलाची एक पाकळीही कोणी छापू नये. यातले एक जण आधी गेले तर त्यांचा हक्क त्यांच्या वारसांकडे जावा. पुढे काय करायचे ही त्यांची मर्जी. नकार द्या असे मी त्यांना सांगत नाही. पोट सगळ्यांना आहे, आणि नकार द्यायची चैन मला घर होते म्हणून परवडली. त्यांनी विकावे, फाडावे, चुलीत घालावे. माझे मागणे एवढेच की मालकांना ते फूल हवे असेल तर त्यांनी अंडीवालीच्या दारात जाऊन उभे राहावे, ती म्हणेल तेवढा वेळ उभे राहावे, आणि तिच्या मुलीचे नाव तिला विचारावे. लांबडी नव्हे. खरे नाव.

मी त्या दोघांशी हे बोलले आहे. पोस्टमनने कागद एकेक करून उलटून पाहिले. म्हणाला, "बाई, त्या दिवशी मला तुमच्याशी बोलायचं होतं. तुमच्या मुलाचं मला खरं वाटलं नव्हतं. पण बोलायला जीभ उचलली नाही." मी म्हटले, "माझीही नाही उचलली." लांबडीची आई म्हणाली, "मला वाचता येत नाही, पण फूल ओळखते मी."

कलम ७. माझा मुलगा. वकिलांनी सुचवले की त्याच्यासाठी अट घालावी. म्हणजे असे की त्याने नव्याने अर्ज करून, अधिकाऱ्यांपुढे जाऊन खरे काय ते सांगितले तर त्याला घराचा काही भाग मिळेल, नाहीतर नाही. वकील भला माणूस आहे, त्याला वाटले मी खूश होईन. मी रात्र रात्र विचार केला. ती अट मी घालत नाही. नोकरीच्या बदल्यात दिलेली साक्ष मी ऐकली आहे. घराच्या बदल्यात दिलेली दुसरी साक्ष मला नको. खरे बोलायचे असेल तर त्याने फुकट बोलावे.

त्याला त्याच्या वडिलांची कोरणी, हातोडी आणि भिंग द्यावे. ती त्याची आहेत, कोणत्याही अटीशिवाय. त्यांना विकून काही येणार नाही आणि त्याला ती वापरता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. वडिलांच्या वस्तू मुलाकडे जाव्यात इतकाच त्यात अर्थ आहे, दुसरा शोधू नये.

तो दर महिन्याला येऊन जातो. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहतो, "बरं वाटतंय का?" विचारतो. मी "हो" म्हणते. त्याचे केस पांढरे व्हायला लागले आहेत. तो लहान असताना त्याला तापात मांडीवर घेऊन मी बसत असे, ते मी विसरलेले नाही, आणि ही गोष्ट मला कमी करता आली असती तर फार बरे झाले असते. त्याच्या अंगातला एक एक दोष काढून टाकून पाहिला, एक एक गुण काढून टाकून पाहिला. तो मुलगा उरतोच. मी त्याचे वाईट चिंतलेले नाही. मी त्याला क्षमाही केलेली नाही. या दोन्ही गोष्टी त्याला स्पष्ट कळाव्यात म्हणून लिहिल्या आहेत.

कलम ८. कारखान्याने निरोपाच्या वेळी घरी पाठवलेले भिंतीवरचे घड्याळ परत करावे. ते कधी लावलेलेच नाही.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. सूनबाईला मिळकत मिळत असल्याने ती साक्षीदार नाही, आणि मी हे लिहीत असताना तिला खोलीबाहेर बसवले आहे. ती दारापलीकडे आहे, मला तिचा श्वास ऐकू येतो.

कलम १०. माझ्या अंत्यविधीविषयी. साधा करावा. फुले आणू नयेत, खरी किंवा छापील. अंगावर पांढरे, बिननक्षीचे कापड घालावे. पोस्टमनला आणि लांबडीच्या आईला आवर्जून कळवावे. मुलालाही कळवावे, वेळेवर कळवावे, त्याला अडवू नये. त्याला खांदा द्यायचा असेल तर देऊ द्यावा, रडायचे असेल तर रडू द्यावे.

मात्र जमलेल्या लोकांपुढे उभे राहून त्याने आपल्या आईविषयी चार शब्द बोलू नयेत. कोणी आग्रह केला तरी बोलू नयेत. लोकांपुढे उभा राहून तो माझ्याविषयी एकदा बोलला आहे. तेवढे पुरे आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, चष्मा लावून पुन्हा वाचला, दोन ठिकाणी खाडाखोड आहे तिथे बाजूला सही केली आहे. हे सर्व मला मान्य आहे आणि माझ्या पश्चात ते लागू व्हावे.

लिहून देणार: (सही) नक्षीकार बाई

आमच्या समक्ष बाईंनी सही केली. बाई शुद्धीवर होत्या, आणि सही करताना त्यांनी आम्हाला दोघांना बसायला सांगितले.

साक्षीदार: (सही) इस्पितळातील डॉक्टर

साक्षीदार: (सही) शेजारीण, शिवणकाम करणारी

ठिकाण: राहते घर, मागची खोली, खिडकीजवळचे टेबल

दिनांक: चौदा नोव्हेंबर, दुपार